जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलायचेत? मग पिनांपर्यंत जा

ब्रेक दाबला की पुढच्या चाकाकडून चीं करून बारीक टोचणारा आवाज येत असेल तर तो आवाज मुद्दाम दिलेला असतो हे आधी लक्षात घ्या. बऱ्याच पॅडच्या लोखंडी पाटीवर पत्र्याची एक छोटी जीभ असते, पॅड झिजून दोन-तीन मिमी राहिला की ती डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, घासायला लागते आणि ओरडते. स्वस्तातल्या सेटमध्ये ही जीभ कधीकधी नसतेच, त्यामुळे आवाज येत नाही म्हणजे पॅड चांगले आहेत असं धरून चालू नका. आणि चीं चीं जाऊन खर्र खर्र सुरू झालं असेल तर मटेरियल संपलंय, लोखंडावर लोखंड घासतंय, गाडी तिथेच थांबवा, कारण आता रोज डिस्क खराब होतेय आणि गाडी थांबायला लागणारं अंतर वाढतंय.

इथे लिहितोय ते पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या साध्या जुन्या गाड्यांबद्दल. वॅगन आर, अल्टो, एस्टिलो, पहिली स्विफ्ट, सँट्रो झिंग, इंडिका अशा. माझा हात वॅगन आरवर बसलाय त्यामुळे बोलणं बरंचसं तिच्यावरच होईल, पण रचना सगळ्यांची जवळपास तीच, एका पिस्टनचा सरकता कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणारा चिमटा, तो दोन पिनांवर सरकतो आणि ऑइलच्या दाबाने त्यातला पिस्टन पॅडला ढकलतो. ज्यांच्या गाडीला मागेही डिस्क आहे आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरवर आहे त्यांनी मागच्या चाकाला ही पद्धत वापरू नये, तिथला पिस्टन दाबून नाही तर फिरवून आत जातो, जोर लावला तर कॅलिपर कायमचा जातो.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण सगळा लेख तिच्यासाठीच लिहितोय. जुने पॅड काढून नवीन घालणं हे फार थोड्या वेळाचं काम आहे. खरं काम आहे कॅलिपरच्या पिना बाहेर काढून पुसणं, त्यांना योग्य ग्रीस लावणं आणि पॅड ज्या खाचांत सरकतात त्या घासून मोकळ्या करणं. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकं हेच राहून जातं, मग नवीन पॅड सहा महिन्यांत एका बाजूने तिरके झिजतात आणि गाडी ब्रेक मारला की एकीकडे ओढते. घरी करण्याचा मोठा फायदा मला पैशापेक्षा इथे वाटतो, वेळ आपला असतो.

पॅड खरंच संपलेत का हे कसं बघायचं

स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून मोबाईलच्या टॉर्चने रिमच्या भोकांतून बघा, बाहेरचा पॅड दिसतो. नवीन पॅडचं मटेरियल साधारण आठ-दहा मिमी असतं, तीनच्या खाली गेलं की बदलायचं. पण आतला पॅड, म्हणजे पिस्टनच्या बाजूचा, बऱ्याचदा जास्त झिजलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून शंका असेल तर चाक काढूनच बघा.

दुसरी खूण ब्रेक ऑइलची पातळी. पॅड जसा झिजतो तसा पिस्टन थोडा थोडा बाहेर येतो, त्याच्यामागे जागा होते, ती जागा ऑइल भरतं आणि वरच्या डबीतली पातळी खाली जाते. म्हणजे कुठेही गळती नसताना वर्ष-दीड वर्षात पातळी हळूहळू उतरली असेल तर ते पॅड झिजल्याचं लक्षण आहे. अशा वेळी लगेच ऑइल ओतून मॅक्सपर्यंत भरू नका, आधी पॅड बघा. नंतर नवीन पॅडसाठी पिस्टन आत दाबलात की तेच ऑइल परत वर येतं आणि डबीतून बाहेर सांडतं, आणि ब्रेक ऑइल पेंटवर सांडलं तर पेंट उचलतो.

सामान

पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलायचे, सेट चार पॅडचाच मिळतो. दुकानात जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चासी नंबर घेऊन जा, कारण एकाच गाडीला वेगवेगळ्या वर्षांत वेगळ्या बनावटीचा कॅलिपर लागलेला असू शकतो आणि पॅड दिसायला सारखा पण कान (पाटीचं खाचेत बसणारं टोक) दोन मिमीने मोठा असा प्रकार होतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसकडे स्पेअरची दुकानं ढिगाने आहेत, तिथे पक्कं बिल मागा. कंपनीचा किंवा नावाजलेल्या ब्रेक कंपनीचा सेट घ्या, बॉश, राने यांचे बऱ्याच गाड्यांसाठी मिळतात. डुप्लिकेट पॅड ही एकच गोष्ट अशी आहे जिथे मी कुणालाही शंभर-दोनशे रुपये वाचवायला सांगणार नाही, मटेरियल पाटीवरून सुटून येणारे पॅड बाजारात विकले जातात आणि वरून बघून ते कळत नाही.

बाकी लागतं ते असं. चाकाचा पाना, १२ आणि १४ ची गोटी (सॉकेट) आणि रिंग पाना (कॅलिपरचे बोल्ट बहुतेक यातलेच), एक पातळ फिक्स पाना, मोठा सी क्लँप, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, फडकी, मास्क, हातमोजे, थोडी बांधायची तार. ग्रीस वेगळं घ्यायचं, ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस, छोटं पाऊच मिळतं. बेअरिंगला लावतो ते नेहमीचं पिवळं-तपकिरी ग्रीस इथे अजिबात नको, त्यातल्या पेट्रोलियमने पिनेवरचे रबर फुगतात आणि पिन जाम होते, म्हणजे ज्यासाठी ग्रीस लावलं त्याच्या बरोब्बर उलटं. साफसफाईला रॉकेल किंवा डिझेलही नको, तेलकट थर मागे राहतो, आणि पेट्रोल तर आगीमुळेच नको.

आणि घोडी, म्हणजे जॅक स्टँड. दोन टनाची जोडी घ्या, हे ऐच्छिक नाही.

गाडी उचलणं

शनिवारी सकाळी सुरू करा. रविवारी संध्याकाळी नको, कारण एखादा बोल्ट अडला किंवा पॅड चुकीचा निघाला तर दुकान बंद आणि गाडी एका चाकाविना सोसायटीत उभी. घरात स्कूटर असेल तर ती हाताशी असू द्या.

जागा सपाट आणि कडक पाहिजे. सोसायटीच्या पार्किंगचा उतार, मुरूम, पावसात भिजलेली माती, पेव्हर ब्लॉक जे दबतात, हे सगळं टाळा. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. बरेच जण म्हणतात गिअरमध्ये टाकली की झालं. पण या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी रचना) ते चाक मोकळं फिरू शकतं आणि गिअर गाडीला धरून ठेवत नाही. त्या वेळी गाडी फक्त मागच्या हँडब्रेकवर आणि तुमच्या दगडांवर उभी असते. हँडब्रेक ढिला असेल तर आधी तो करून घ्या, मग हे काम.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग उचला. ट्रॉली जॅक असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेवरून उचलून घोडी दाराखालच्या दोन खाचांच्या मध्ये लावता येते. डिकीतलाच जॅक वापरणार असाल तर ती खाच जॅकनेच अडलेली असते, मग घोडी लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) चासीला जिथे बसतो तिथल्या जाड मजबूत भागाखाली घ्या. कोकणातल्या, किनाऱ्यालगतच्या जुन्या गाड्यांचा दाराखालचा पत्रा आधी स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकून बघा, खाऱ्या हवेने तो आतून सडलेला असतो आणि जॅक सरळ आत घुसतो. घोडीवर वजन आलं की गाडीला हाताने हलवून बघा, हलायला नको. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, घोडी निसटलीच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या पायावर नाही.

कॅलिपर उघडणं

एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी तशीच राहू द्या. कुठली क्लिप कशी बसते हे विसरलात तर पलीकडे जाऊन बघता येतं. तरी उघडण्याआधी दोन-तीन फोटो काढा.

स्टेअरिंग असं वळवा की कॅलिपरची मागची बाजू तुमच्याकडे येईल. ब्रेकची काळी धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात जायला नको. मास्क लावा, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ओलं करून पुसा.

मागे दोन बोल्ट दिसतील, वरचा आणि खालचा. बऱ्याच कॅलिपरमध्ये खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर झाकणासारखा वर उचलला जातो. बोल्ट ढिला करताना आतली पिनही सोबत फिरत असेल तर तिला पातळ फिक्स पान्याने धरा. गंजून घट्ट झाला असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा, स्प्रे डिस्कवर उडणार नाही हे बघा. पान्याला पाइप लावून हिसका देऊ नका, आटे गेले की कामाचं स्वरूपच बदलतं.

पिना साफ करायला कॅलिपर शेवटी पूर्ण काढावा लागतोच, तेव्हा तो तारेने वर स्प्रिंगला बांधून ठेवा. ब्रेकच्या रबरी पाइपवर लटकत सोडायचा नाही, वजनाने पाइप आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, या दरम्यान कुणी ब्रेकचं पेडल दाबायचं नाही. मुलं गाडीत बसून खेळतात, पेडल दाबलं गेलं तर पिस्टन बाहेर येऊन पडतो.

जुने पॅड नीट बघा

पॅड निघाले की लगेच फेकू नका, दुसरी बाजूही झाली की चारही शेजारी मांडा. या पॅडवरून तुमच्या ब्रेकची अवस्था कळते आणि ही माहिती परत मिळत नाही.

आतला आणि बाहेरचा जवळपास सारखे झिजलेत, तर छान, कॅलिपर मोकळा सरकतोय. आतला पॅड पार संपलाय आणि बाहेरच्यावर भरपूर माल आहे, तर कॅलिपर पिनांवर सरकत नाहीये, पिस्टन आतल्या पॅडला दाबतो पण कॅलिपर मागे येऊन बाहेरच्याला ओढतच नाही. एकच पॅड वरून जाड खालून पातळ असा तिरका झिजलाय, तर बहुतेक एक पिन जाम आहे किंवा पॅडचा कान खाचेत अडकतोय. एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेत आणि दुसऱ्या चाकाचे नवीनसारखे आहेत, तर संपलेल्या बाजूचा पिस्टन परत मागे जात नसेल किंवा न झिजलेल्या बाजूचा ब्रेक लागतच नसेल. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालाय तर तो खूप तापलाय, घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाड्यांचे असे होतात. पॅड ओला, तेलकट असेल तर गळती आहे, ती दुरुस्त केल्याशिवाय नवीन पॅड घालणं म्हणजे ते वाया घालवणं.

डिस्कसुद्धा आत्ताच बघा. बोटाचं नख आडवं फिरवा, बारीक रेषा चालतात, नख अडकेल अशा खोल खाचा नाही चालत. किमान जाडी डिस्कवरच कुठेतरी कोरलेली असते, व्हर्नियर असेल तर मोजा, त्याच्या जवळ आली असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला. ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर डिस्कचं लेथवरचं काम किंवा बदल लागणार, नुसत्या पॅडने ते जाणार नाही. पावसात एक रात्र उभी राहिल्यावर येणारा लालसर गंज मात्र काही नाही, चार ब्रेक मारले की जातो.

पिना, म्हणजे मुख्य काम

पॅडच्या वर-खाली असलेल्या ब्रॅकेटमध्ये दोन पिना रबरी टोप्यांत बसलेल्या असतात. हाताने आत-बाहेर करून बघा, थोड्या दाबाने लोण्यासारख्या सरकल्या पाहिजेत. हिसका द्यावा लागतोय म्हणजे आतलं ग्रीस सुकून डिंक झालंय. पिन गोल फिरवत बाहेर काढा. वरची आणि खालची नेहमी सारखी नसते, काही गाड्यांत एकीला टोकाला रबरी कडं असतं, म्हणून कुठली कुठे होती ते खूण करून ठेवा.

पिन फडक्याने पुसा, गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर. खोल खड्डे पडले असतील तर नवीन पिन घ्या, पिना आणि टोप्यांचा किट मिळतो आणि फार महाग नसतो. पिनेचं भोकही आतून साफ करायचं, ब्रेक क्लीनर मारून, कापूस गुंडाळलेल्या काडीने जुनं काळं ग्रीस सगळं काढा. मग पिनेवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर, सगळीकडे. भोक ग्रीसने ठासून भरू नका, आत हवेला जागा राहत नाही आणि पिन पूर्ण आत जात नाही. टोपीची कड पिनेच्या खाचेत नीट बसली का बघा, कारण आपल्याकडचा पावसाळ्यातला चिखल तिथूनच आत जातो. टोपी फाटलेली असेल तर आजच बदला.

आता ब्रॅकेटच्या खाचा. पॅडचे कान जिथे बसतात तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात, त्या काढा आणि त्यांच्या खालचा गंज तारेच्या ब्रशने काढून लोखंड साफ करा. हा गंज फुगून क्लिप वर उचलतो आणि पॅड अडकतो. नवीन पॅडसोबत क्लिपा आल्या असतील तर नवीनच लावा. पॅड बसवून बघा, बोटाने ढकलल्यावर सरकला पाहिजे, हातोडीने ठोकून बसवायची वेळ आली तर पॅड चुकीचा आहे किंवा गंज राहिलाय.

पिस्टन आत दाबणं

नवीन पॅड जाड आहेत, त्यांना जागा करायची तर पिस्टन आत गेला पाहिजे. आधी त्याच्याभोवतीचं रबर बघा, फाटलेलं किंवा ओलं असेल तर इथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा, कॅलिपरचा किट टाकायला लागेल.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण ढिलं करा, भोवती फडकं गुंडाळा, पातळी वर असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवा आणि सी क्लँपने अगदी हळूहळू आवळा, मधून मधून डबीकडे बघत. पिस्टन सरळ, एकसारखा आत गेला पाहिजे. खूप जोर लागत असेल तर तो गंजलाय, जबरदस्ती नको.

काढलेलं ऑइल काळपट तपकिरी असेल तर सगळं बदलून घ्यायचं ठरवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ३ (डॉट हा ऑइलचा दर्जा, डबीच्या झाकणावर लिहिलेला असतो) नवीन असताना किमान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ताम्हिणी किंवा आंबोली उतरताना ब्रेक तापले की या फरकाला महत्त्व येतं, ऑइल उकळून आत वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. झाकणावर जे लिहिलंय तेच वापरा, आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

परत बसवणं

जीभ असलेला पॅड जुना जिथे होता तिथेच. पाटीच्या मागे शिम (पातळ पत्रा) असेल तर ती लावा, आवाज कमी होतो. कानांवर आणि पाटीच्या मागे जिथे पिस्टन टेकतो तिथे ब्रेक ग्रीसचा पुसट हात, समोरच्या मटेरियलला किंवा डिस्कला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. लागलंच तर डिस्क क्लीनरने पुसता येते, पण पॅड ग्रीस शोषतो, तो बदलावाच लागतो. डिस्क दोन्ही बाजूंनी क्लीनर मारून पुसून घ्या.

कॅलिपर खाली आणा, बोल्ट आधी हातानेच चार-पाच आटे फिरवा म्हणजे वाकडा जाणार नाही, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराला, आवळा. पिनेचे बोल्ट लहान असतात, चाकाच्या नटासारखं त्यांना ताणायचं नसतं. रबरी पाइपला पीळ पडला नाही ना, स्टेअरिंग दोन्हीकडे वळवल्यावर तो कुठे घासत नाही ना, हे बघा. गिअर न्यूट्रलला ठेवून डिस्क हाताने फिरवा, किंचित घासत फिरली तर चालेल, जाम असेल तर काहीतरी वाकडं बसलंय.

चाक लावून नट तिरक्या क्रमाने आवळा, गाडी जमिनीवर आल्यावर शेवटचा टॉर्क द्या, मारुतीच्या या छोट्या गाड्यांना तो ८५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. मग दुसरी बाजू, सगळं पुन्हा पहिल्यापासून, दमलात तरी पिना गाळू नका.

गाडी हलवण्याआधी

इंजिन सुरू करायच्या आधी पेडल हळूहळू दाबत राहा. पहिल्या वेळी ते थेट खाली जाईल कारण पिस्टन आत दाबलेला आहे आणि पॅडपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. दाबत दाबत पेडल कडक झालं की मगच इंजिन सुरू करा आणि पुन्हा दाबून बघा. हे न करता रिव्हर्स टाकली तर पहिल्या ब्रेकला गाडी थांबणार नाही आणि मागे सोसायटीची भिंत किंवा माणूस असू शकतो. ऑइलची पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आणून झाकण घट्ट लावा. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, ब्लीडिंग, म्हणजे ती हवा काढून टाकणं, झाल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

आधी आवारातच दहाच्या वेगाने दोन-चार ब्रेक मारा. ठीक वाटलं तर पहाटेचा मोकळा रस्ता बघून नवीन पॅड डिस्कवर घासून बसवून घ्या. साधारण पन्नासच्या वेगावरून मध्यम जोराने ब्रेक मारत पंधरा-वीसपर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं अंतर चालवून डिस्क गार होऊ द्यायची, असं आठ-दहा वेळा. पॅडच्या पाकिटावर वेगळी पद्धत छापली असेल तर तीच करा. याने पॅडच्या मटेरियलचा पातळ थर डिस्कवर एकसारखा बसतो आणि पकड त्या थरामुळेच येते. थोडा जळका वास येईल, तो जातो. हे चालू असताना सिग्नलला उभं राहून पेडल दाबून धरू नका, गरम डिस्कवर एकाच जागी थर चिकटतो आणि मग थरथर सुरू होते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरकस ब्रेक टाळा, आणि पॅड बदलले त्याच दिवशी सगळ्या घरच्यांना घेऊन घाट उतरायला जाऊ नका. नंतरही घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर, इंजिनच्या ओढीवर उतरायचं, ब्रेक मधून मधून मारून सोडायचा.

पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा तपासा. एखाद्या लांबच्या फेरीनंतर दोन्ही पुढच्या चाकांजवळ, रिमला न टेकवता, हात नेऊन उष्णता बघा, एक बाजू दुसरीपेक्षा खूप जास्त तापत असेल तर तिकडचा पिस्टन किंवा पिन अडकतेय, परत उघडावं लागेल. पावसाळ्यात भरपूर पाण्याचिखलातून गाडी फिरत असेल तर पावसाळा संपल्यावर नुसत्या पिना काढून पुसून ग्रीस करून टाका, पॅड बदलायची वाट बघू नका. पुढचे पॅड बदलूनही हँडब्रेक खूप वर येत असेल किंवा पेडल खोल जात असेल तर मागचे ब्रेक शू (ड्रममधले पॅडसारखे भाग) बघायची वेळ झालीये, ड्रम त्याच आठवड्यात उघडून घ्या.